अपडेट घेतला आणि घरचं वायफाय ओळखच दाखवेना

गिरणाकाठ | शुक्रवार, रात्री १०:४०

मंडळी, जरा मदत करा. मंगळवारी रात्री फोन चार्जिंगला लावून झोपलो. सकाळी बघतो तर फोन परस्पर अपडेट होऊन नव्या थाटात. चिन्हं गोल झाली, सेटिंगचा रंग बदलला, तेवढं चालतं हो. पण तेव्हापासून वायफायची रड सुरू झाली. पहिले दोन दिवस लागायचं, तुटायचं. मागच्या खोलीत पडून काही बघायला घेतलं की चक्र फिरत बसायचं आणि मग आपोआप ४जी यायचं.

काल एक मित्र म्हणाला, नेटवर्क 'विसरा' कर आणि पासवर्ड टाकून नव्याने जोड. केलं. तर जे थोडंफार लागत होतं तेही गेलं! आता पासवर्ड टाकला की 'कनेक्ट करत आहे' येतं, चार-पाच सेकंद थांबतं आणि खाली नुसतं 'सेव्ह केलेले'. पासवर्ड चुकला असंही म्हणत नाही. फोन दोन वर्षांचा, अँड्रॉइड. एरंडोलजवळ गावात राहतो, घरात फायबर आहे. आबांचा फोन आणि टीव्ही मस्त चालू आहेत, म्हणजे लाईन बरोबर आहे.

आखाजीमुळे (अक्षय्य तृतीया) घर भरलेलं. बहीण दोन्ही पोरांना घेऊन आली आहे आणि सगळे माझ्या मोबाईल डेटावर हॉटस्पॉट लावून बसलेत. रोजचा डेटा दुपारी बारालाच संपतो.

शेवभाजी_दोनप्लेट | रात्री १०:५२

भो, मना बी हाऊच प्रॉब्लेम शे. अपडेट कर अन् डोकं धरी बठ. धागा पकडी ठेवस.

पुण्यातला_खान्देशी | रात्री ११:०५

सोपं आहे. राउटर बंद करून दोन मिनिटांनी चालू करा. नाही झालं तर फोनच्या सेटिंगमध्ये नेटवर्क रीसेट करा. तेही नाही झालं तर फॅक्टरी रीसेट. माझं नेहमी होतं.

कळण्याची_भाकरी | रात्री ११:२०

धुळ्याहून नमस्कार. पुण्याच्या भाऊंना हात जोडून विनंती, फॅक्टरी रीसेट असं पाणीपुरीसारखं वाटत सुटू नका. बॅकअप न घेता केलं तर घरातले लग्नाचे फोटोसुद्धा जातील.

नेटवर्क रीसेट मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याने फोटो, मेसेज, ॲप काही जात नाही. साठवलेली सगळी वायफाय नावं आणि पासवर्ड जातात, ब्लूटूथच्या जोड्या मोडतात, आणि सिमच्या इंटरनेटची काही सेटिंग हाताने घातली असेल तर तीही जाते. म्हणून आधी पासवर्ड कागदावर उतरवून घ्या. आमच्याकडे सासूबाईंचा फोन असा रीसेट केला आणि मग त्यांच्या कानातल्या यंत्राची ब्लूटूथ जोडणी पुन्हा करण्यात पूर्ण संध्याकाळ गेली.

गिरणाकाठ भाऊ, आणखी एक बघा. फोनची तारीख-वेळ बरोबर आहे ना? ती चुकली तर वायफाय लागतं पण एकही साईट उघडत नाही. तुमचं मुळात लागतच नाहीये, तेव्हा बहुतेक ते नसेल.

गिरणाकाठ | शनिवार, सकाळी ७:१५

राउटर तीनदा बंद-चालू केला. रात्री नेटवर्क रीसेटही केलं, ताईंनी सांगितल्याप्रमाणे पासवर्ड आधी लिहून घेतला. काहीही फरक नाही. तारीख बरोबर. बहिणीचा फोनही लागत नाही, पण तो जुना आहे, तिकडे मी लक्ष दिलं नाही.

आबा म्हणतात, फोन विकून टाक. त्यांचं प्रत्येक गोष्टीवर हेच औषध असतं, ट्रॅक्टरपासून म्हशीपर्यंत.

केळीचं_पान | सकाळी ७:४०

रावेरकडचा आहे. धाग्यात घुसतोय, राग मानू नका. माझंही अपडेटनंतर बिघडलं, पण वेगळं. केळीच्या बागेत मोटारीच्या खोलीवर कॅमेरा लावलाय. त्यात बदल करायचा तर कॅमेऱ्याच्याच वायफायला फोन जोडावा लागतो. पूर्वी जोडला की जोडलेला राहायचा. आता जोडतो आणि दहा सेकंदांत फोन स्वतःच सोडून देतो. घडाला पट्टी बांधू की फोन धरून बसू?

भुसावळ_जंक्शन | सकाळी ८:३०

रेल्वेत सिग्नल आणि टेलिकॉममध्ये ३१ वर्षं काढली. आता निवृत्त आहे, वेळ भरपूर आहे. दोघांचं वेगवेगळं सांगतो.

केळीचं पान, तुमचं सोपं. फोन वायफायला जोडला की तो लगेच बाहेरच्या एका सर्व्हरला हाक मारून बघतो, पलीकडे इंटरनेट आहे की नाही. कॅमेऱ्याच्या वायफायमागे इंटरनेट नसतंच. मग फोन म्हणतो, इथे काही अर्थ नाही, आणि मोबाईल डेटाकडे वळतो. अपडेटमध्ये 'वायफाय कमकुवत असेल तर डेटा वापरा' अशा अर्थाचं बटण चालू झालेलं असू शकतं. काम करेपर्यंत मोबाईल डेटा बंद करा. 'या नेटवर्कला इंटरनेट नाही, तरी जोडलेले राहायचे का' असं विचारलं तर हो म्हणा. शिवाय असले बरेचसे कॅमेरे वायफायच्या २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन पट्ट्यांपैकी फक्त २.४ वर चालतात, हे लक्षात ठेवा.

आता गिरणाकाठ. मला तुमच्या तक्रारीत दोन वेगळे आजार दिसतात आणि तुम्ही दोन्हीवर एकच नाव लिहिलंय. मंगळवार ते गुरुवार लागून तुटत होतं. 'विसरा' केल्यावर अजिबात लागत नाही. म्हणून मला तीन गोष्टी सांगा.

राउटर घरात नेमका कुठे आहे आणि तुम्ही कुठे बसता? अपडेट आला त्या आठवड्यात घरात आणखी काय बदललं? आणि बहिणीचा फोन याआधी तुमच्याकडे कधीतरी लागला होता का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतंय. तुम्ही ते सहज एका ओळीत सांगून गेलात.

शेवभाजी_दोनप्लेट | सकाळी ८:४५

काकांनी पंचनामा सुरू केला. चहा घेऊन बसतो.

गिरणाकाठ | सकाळी ९:५०

काका, राउटर पुढच्या हॉलमध्ये खिडकीशेजारच्या फळीवर आहे, कमरेएवढ्या उंचीवर. मी मागच्या खोलीत असतो, मध्ये माजघर. भिंती जुन्या, जाड.

काय बदललं ते आठवून आठवून थकलो. बायकोला विचारलं तर ती हसायलाच लागली. म्हणाली, रविवारी माळ्यावरून कूलर कोणी उतरवला? मीच. पत्र्याचा मोठा कूलर, स्टँडवर हॉलमध्ये ठेवलाय. पाहुणे येणार म्हणून. इकडे ऊन काय आहे तुम्हाला माहीतच आहे, ४४ च्या खाली पारा उतरत नाही. आणि तो कूलर बरोबर राउटर आणि माजघराचं दार यांच्या मध्ये उभा आहे.

बहिणीचा हा फोन दिवाळीलाही लागला नव्हता. तेव्हाही ती माझ्याच हॉटस्पॉटवर होती.

भुसावळ_जंक्शन | सकाळी १०:२०

पहिला आजार सापडला बहुतेक. कूलर म्हणजे तीन बाजूंनी लोखंडी पत्रा, आत पाण्याने भरलेली टाकी आणि ओल्या जाळ्या. वायफायच्या लहरीला पत्रा परत फेकतो आणि पाणी गिळतं. दोन्ही एकाच खोक्यात तुम्ही राउटरसमोर उभे केलेत. त्यात तुमचा राउटर दोन पट्ट्यांचा असेल. ५ गिगाहर्ट्झला वेग जास्त, पण तिची लहर जेमतेम ६ सेंटीमीटरची, जाड भिंतीतून लवकर दमते. २.४ ची लहर साडेबारा सेंटीमीटरची, वेग कमी पण पल्ला जास्त. कूलर रविवारी आला, अपडेट मंगळवारी. मधल्या सोमवारी तुम्ही मागच्या खोलीत फोन वापरलात का?

गिरणाकाठ | सकाळी १०:३१

सोमवारी जळगावला होतो, कापसाच्या बियाण्याच्या कामाला. रात्री उशिरा आलो. म्हणजे कूलर आल्यावर मागच्या खोलीत पहिल्यांदा फोन घेतला तो मंगळवारी रात्री, चार्जिंगला लावताना. वापरला बुधवारी. अरे देवा.

कळण्याची_भाकरी | सकाळी १०:४०

म्हणजे बिचाऱ्या अपडेटला उगाच फासावर चढवत होतो आपण!

पुण्यातला_खान्देशी | सकाळी ११:०२

कूलरमुळे हळू चालेल, मान्य. पण आता तर राउटरशेजारी बसूनही लागत नसेल ना? मग कूलरचा काय संबंध?

भुसावळ_जंक्शन | सकाळी ११:३०

बरोबर विचारलंत. तो दुसरा आजार. गिरणाकाठ, फोनच्या वायफाय सेटिंगमध्ये तुमच्या नेटवर्कच्या नावापुढच्या चक्राला हात लावा. आत 'प्रायव्हसी' किंवा 'मॅक ॲड्रेसचा प्रकार' असं काही असेल. तिथे काय निवडलंय ते सांगा. त्याखाली दोन-दोनच्या जोड्यांत बारा अक्षरांचा पत्ता दिसेल. पूर्ण इथे टाकू नका, फक्त दुसरं अक्षर सांगा.

गिरणाकाठ | दुपारी १२:१०

'रँडमाइज्ड मॅक वापरा' असं आहे. पत्ता 'डी६' ने सुरू होतो. म्हणजे दुसरं अक्षर ६.

भुसावळ_जंक्शन | दुपारी १:०५

जेवण झालं, आता सविस्तर लिहितो. (घरी भरीत होतं, काड्यांवर भाजलेलं, त्यामुळे उशीर झाला. क्षमस्व.)

प्रत्येक फोनच्या वायफाय चिपला कारखान्यातून एक पत्ता मिळतो, तो मॅक ॲड्रेस. बारापैकी पहिली सहा अक्षरं कंपनीची, उरलेली सहा त्या नगाची. राउटर तुम्हाला या पत्त्याने ओळखतो, तुमच्या नावाने नाही.

आता गंमत अशी की हा पत्ता हवेत उघडा जातो. दुकानं, मॉल, विमानतळ यांना त्यावरून कळायचं की हाच फोन परवाही आला होता. म्हणून फोन खोटा पत्ता सांगायला लागले. आयफोनने २०१४ मध्ये आयओएस ८ पासून नुसतं नेटवर्क शोधताना तसं करायला सुरुवात केली. प्रत्यक्ष जोडतानासुद्धा बनावट पत्ता देणं अँड्रॉइड १० मध्ये, म्हणजे २०१९ ला, नेहमीचं झालं आणि आयफोनवर २०२० ला आयओएस १४ मध्ये. हा बनावट पत्ता ओळखायची खूण म्हणजे दुसरं अक्षर. ते २, ६, ए किंवा ई असेल तर पत्ता फोनने स्वतः तयार केलेला. तुमचं ६ आहे.

एरवी याने काही बिघडत नाही. बिघडतं ते राउटरमध्ये 'एवढ्याच पत्त्यांना आत घ्या' अशी यादी केलेली असेल तर. त्याला मॅक फिल्टर म्हणतात. मग पासवर्ड शंभर टक्के बरोबर असला तरी दारावरचा माणूस म्हणतो, तुमचं नाव यादीत नाही. तुमचा फोन आधी लागत होता, कारण कुणीतरी या नेटवर्कसाठी 'फोनचा मॅक वापरा' असं निवडून ठेवलं होतं. 'विसरा' केलंत तेव्हा फोन पासवर्डबरोबर ती निवडही विसरला आणि पुन्हा आपल्या सवयीवर गेला, बनावट पत्त्यावर. नेटवर्क रीसेटनेही तेच झालं असतं. बहिणीचा फोन यादीत कधी नव्हताच, म्हणून दिवाळीलाही लागला नाही.

आबांना विचारा, राउटर बसवताना कोणी फोन मागून घेतले होते का.

शेवभाजी_दोनप्लेट | दुपारी १:२०

काका, भरीत कोणत्या वांग्याचं? बाकी नंतर वाचतो.

गिरणाकाठ | दुपारी २:४५

काका, पायावर डोकं ठेवतो.

आबांना विचारलं. म्हणाले, "ते नाव लिहून घेणारं पोरगं?" झालं असं की गेल्या वर्षी फायबर जोडलं तेव्हा आयपीएल चालू होतं. पासवर्ड आठ दिवसांत गल्लीभर झाला. ओट्यावर रोज संध्याकाळी बारा-पंधरा पोरं, सगळी आमच्या वायफायवर मॅच बघत. आबांनी जोडणीवाल्या पोराला परत बोलावलं आणि सांगितलं, आमच्या घरचेच फोन चालले पाहिजेत. त्याने माझा फोन, आबांचा फोन आणि टीव्ही एवढंच यादीत घातलं. तेव्हा मी शेतात होतो, फोन घरी चार्जिंगला. मला याचा पत्ताच नाही!

काकांनी सांगितलं तसं 'फोनचा मॅक' निवडलं. दोन सेकंदांत लागलं. मुद्दाम पुन्हा बनावट केलं, पुन्हा गेलं. परत खरं केलं, लागलं. बहिणीच्या फोनचा पत्ता मिळाला तर तोही यादीत घालतो म्हणतोय.

भुसावळ_जंक्शन | दुपारी ३:१०

यादीत भर घालत बसू नका. त्यापेक्षा यादीच काढून टाका आणि पासवर्ड बदला. मॅक फिल्टर म्हणजे कडी नसलेलं दार. पत्ता हवेत उघडा जातो असं मी वर म्हटलं ना? थोडं माहीत असलेला कोणताही पोरगा तुमच्या आबांच्या फोनचा पत्ता ऐकून स्वतःच्या लॅपटॉपला तो लावू शकतो. चांगला लांब पासवर्ड आणि राउटरच्या सुरक्षेच्या प्रकारात डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३, एवढं पुरतं. बहुतेक राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेटवर्क करता येतं. आखाजीला ते चालू ठेवा, पाहुणे गेले की बंद.

राउटरच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावर त्याचं पान कोणत्या आकड्याने उघडतं ते लिहिलेलं असतं. पुष्कळदा १९२.१६८.१.१ असतं. पान ब्राउझरमध्ये उघडा. तिथला पासवर्डही बदला, कारण तो मूळचाच राहिला असेल.

आणि कूलर हलवा. नाहीतर राउटर वर चढवा, डोक्याच्या वर. कूलरशेजारची दमट हवा त्यालाही मानवत नाही.

केळीचं_पान | दुपारी ३:३०

मोबाईल डेटा बंद केला, कॅमेरा झटक्यात लागला. काका, केळीचा हंगाम आला की एक घड तुमच्या नावाने बाजूला.

तापीचा_गाळ | दुपारी ४:१५

सगळ्यांचं अपडेटमुळे नव्हतं हे वाचून बरं वाटलं, पण माझं खरंच अपडेटमुळे होतं बरं का. शिरपूरला असतो. मागच्या वर्षी एका अपडेटनंतर वायफायचं बटणच राखाडी झालं, दाबलं तरी चालू होईना. फोनच्या माहितीत मॅक ॲड्रेसच्या जागी 'उपलब्ध नाही'. बाजारातल्या एका दुकानात दाखवलं तर म्हणाले बोर्ड गेला, बदलावा लागेल. पैसे ऐकून परत आलो. चार आठवडे मोबाईल डेटावर काढले आणि मग कंपनीचा छोटा अपडेट आला, त्याने आपोआप सुरळीत झालं. कुणाचं असं झालं असेल तर बोर्डाचा खर्च करण्याआधी फोनचा पुढचा अपडेट येऊन बसलाय का ते बघा, आणि वॉरंटी असेल तर अधिकृत ठिकाणीच न्या. अर्थात कधीकधी बोर्ड खरंच गेलेला असतो. आपल्याकडे गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात फोन ठेवायची सवय आहे ती आहेच.

कळण्याची_भाकरी | संध्याकाळी ५:००

जाता जाता एक ब्लूटूथचं. अपडेटनंतर आमच्या गाडीत फोन येतो तो ऐकू येतो, पण गाणी वाजत नाहीत. हे काय प्रकरण?

पुण्यातला_खान्देशी | संध्याकाळी ५:१२

हे मला येतं! फोनमध्ये त्या गाडीच्या नावापुढच्या चक्रात 'कॉल' आणि 'मीडिया ऑडिओ' अशी वेगळी बटणं असतात. मीडियाचं बंद झालंय. चालू करून बघा. नाही जमलं तर जोडी फोनमधूनही काढा आणि गाडीच्या यादीतूनही, दोन्हीकडून, आणि नव्याने जोडा. एकाच बाजूने काढली तर दुसरी बाजू जुनीच धरून बसते. (फॅक्टरी रीसेटचा सल्ला देत नाही, ताई.)

कळण्याची_भाकरी | संध्याकाळी ५:४०

झालं! मीडियाचंच बटण होतं. पुण्याच्या भाऊंचे आभार, मागचं सगळं माफ.

शेवभाजी_दोनप्लेट | रात्री ९:०५

काका, आते मी बी पाह्यनं. मनं बी रँडमाइज्डच शे, पण वायफाय लागस तरी. फक्त घरना ओटावर बठनं की तुटस.

भुसावळ_जंक्शन | रात्री ९:१४

लागतंय ना, मग पत्ता तसाच राहू द्या, तो तुमच्या भल्याचाच आहे. राउटर आणि ओटा यांच्या मध्ये काय आहे?

शेवभाजी_दोनप्लेट | रात्री ९:१६

...कूलर.

गिरणाकाठ | रविवार, सकाळी ८:००

राउटर वरच्या कोनाड्यात चढवला, यादी काढली, पासवर्ड बदलला, पाहुण्यांचं नेटवर्क वेगळं केलं. मागच्या खोलीत बसूनच हे लिहितोय. पोरं झोक्यावर आहेत, बहीण खापरावर मांडे टाकतेय. तिचा फोन पाहुण्यांच्या नेटवर्कवर पहिल्यांदाच लागला. आबांनी नवा पासवर्ड विचारला, मी सांगितला. अर्ध्या तासाने शेजारचा पोरगा दारात आला, "आबा म्हणाले मॅच बघायला ये".

सातपुड्याची_सावली | सकाळी ९:२२

आयफोनवाल्यांनी काय करायचं? माझ्या कॉलेजच्या वसतिगृहात नाव नोंदवून वायफाय मिळतं आणि दर काही दिवसांनी मला पुन्हा नोंदणी करायला लावतात.

भुसावळ_जंक्शन | सकाळी ९:४०

आयओएस १८ पासून तिथे बनावट पत्त्यासाठी तीन पर्याय आहेत: बंद, स्थिर आणि बदलता. नेटवर्कची सुरक्षा कच्ची असेल तर फोन आपणहून 'बदलता' निवडतो आणि मग अधूनमधून नवा पत्ता घेतो, म्हणून नोंदणी उडते. त्या एका नेटवर्कपुरतं 'स्थिर' करा. पूर्ण बंद करायची गरज नाही.

तापीचा_गाळ | सकाळी १०:०५

काका, माझ्या पत्त्याचं दुसरं अक्षर सी आहे. ते तुमच्या चारांत बसत नाही.

भुसावळ_जंक्शन | सकाळी १०:०८

मग तो कारखान्याचाच खरा पत्ता. घरी चालेल. स्टँडवरचं, हॉटेलातलं फुकटचं वायफाय धरता तेव्हा मात्र रँडमाइज्ड करून घ्या.